बटरमिल्क बिस्किटं फुगतच नाहीत? आधी ती वाटी बाजूला ठेवा

दोन वर्षं मी जवळपास दर दुसऱ्या रविवारी बटरमिल्क बिस्किटं करत होते आणि दर वेळी ओव्हनमधून बाहेर काय यायचं, तर कॅरमच्या सोंगट्या. चव बरी, वास तर एकदम मस्त, पण उंची जेमतेम, कडा मिटलेल्या आणि निम्मी एका बाजूला कललेली. नवरा बिचारा खायचा, मुलगी मात्र तोंडावर सांगायची की आई, ही खारी आहे का नानकटाई ते तरी ठरव. गेल्या वर्षी माझी आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली तेव्हा कुठे या भानगडीचा छडा लागला, आणि मी ज्या ज्या गोष्टींवर पैसे घालवले होते त्यातली एकही खरी दोषी नव्हती. ज्यांची बिस्किटं परत परत बसतात त्यांच्यासाठी सगळं एकदाच लिहून ठेवतेय.

भारतातून वाचणाऱ्यांचा एक गोंधळ हमखास होतो म्हणून आधी सांगते, हे चहात बुडवायचं बिस्कीट नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत, म्हणजे टेनेसी, जॉर्जिया, अलाबामा, दोन्ही कॅरोलायना वगैरे भागात बिस्कीट म्हणजे मुठीएवढा गरम गरम पाव, यीस्ट नाही, गोड नाही, वरून सोनेरी आणि आत पदर सुटलेले, हाताने उघडला की मधोमध आडवा उघडतो. त्यात लोणी-जॅम, किंवा सॉर्गमची काकवी (हो, ज्वारीच्याच जातीची गोड धाटं असतात त्यांच्या रसाची), नाहीतर अंडं-सॉसेज, पांढरी ग्रेव्ही असं काहीही. आम्ही राहतो शार्लटला, नॉर्थ कॅरोलायनात, चिकन-बिस्किटांची फास्टफूड साखळी बोजँगल्स १९७७ मध्ये इथेच सुरू झाली आणि सकाळी तिथे बिस्किटांसाठी गाड्यांची रांग असते. त्यामुळे चांगलं बिस्कीट कसं असतं हे मला तोंडपाठ होतं, घरी होत नव्हतं एवढंच.

मी धरून चालतेय ते प्रमाण असं, सहा मोठी किंवा आठ लहान होतात. २४० ग्रॅम मैदा, १ टेबलस्पून बेकिंग पावडर, पाव टीस्पून सोडा, पाऊण टीस्पून मीठ, ८५ ग्रॅम गार बिनमिठाचं बटर, १८० मिली गार बटरमिल्क आणि लागलंच तर अजून चमचा-दोन चमचे. ओव्हन ४५० फॅरनहाइट, म्हणजे आपल्याकडचे साधारण २३० सेल्सिअस, आणि १२ ते १५ मिनिटं. मैदा प्लीज वजन करून घ्या, कारण पिशवीत कप खुपसून भरला की १२० ग्रॅमच्या जागी १४०-१५० सहज येतो, दोन कपांना मिळून पन्नास ग्रॅम जास्त मैदा, आणि मग पीठ कोरडं पडलं म्हणून आपण बटरमिल्क ओतत बसतो, मग ते चिकट झालं म्हणून परत मैदा, हे चक्र आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे.

आता मूळ प्रॉब्लेम. आई आल्यावर पहिल्याच रविवारी मी पीठ नुसतं कालवून परातीत ठेवलं आणि फोन आला म्हणून आत गेले. बाहेर येऊन बघते तर आईने त्याचा मस्त गुळगुळीत गोळा केलेला, वर तेलाचं बोट फिरवलेलं आणि ओलं फडकं झाकून ठेवलेलं. "अगं ती कसली कणीक, सगळी भगराळी, नीट तिंबून ठेवलीय बघ, अर्धा तास मुरू दे." मी काही बोलले नाही, म्हटलं होऊ दे. अर्ध्या तासाने कापून भाजली आणि त्या दिवशी जी झाली ती आजवरची सगळ्यात वाईट, आपटली तर टेबलाला खोक पडेल अशी. पण खरं सांगू का, मला त्या गोळ्याकडे बघून जरा ओशाळल्यासारखं झालं, कारण मीही दोन वर्षं थोड्याफार फरकाने तेच करत होते. फक्त आईसारखं दहा मिनिटं नाही, दोन मिनिटं. हात पोळीचा आहे ना आपला, भगराळं पीठ दिसलं की तळवा आपोआप खाली दाबतो आणि पुढे सारतो, कळतसुद्धा नाही.

पोळीला ते लागतंच, कारण पाणी आणि मळणं मिळालं की गव्हातलं ग्लुटेन जुळून तार येते, आणि झाकून ठेवलं की ती तार सैल होते, म्हणून पोळी न आखडता लाटली जाते. बिस्किटाला ती तार जितकी कमी तितकं बरं. दुसरं म्हणजे मळताना तळव्याच्या उबेने बटर वितळून मैद्यात जिरतं. बटरमध्ये साधारण ८० टक्के फॅट असतं आणि उरलेलं बरंचसं पाणी, आणि गार बटरचा तुकडा कडक तापलेल्या ओव्हनमध्ये गेला की त्या पाण्याची वाफ होऊन आजूबाजूचं पीठ वर ढकलते, पदर त्यामुळेच सुटतात. तुकडाच उरला नाही तर वाफ कोण करणार? आणि तिसरं, हे अर्धा तास मुरू देणं. बेकिंग पावडरमधलं पहिलं फसफसणं ओलं झाल्या झाल्या सुरू होतं, सोडा आणि बटरमिल्क तर भेटल्या भेटल्या भांडायला लागतात, तो गॅस बाहेर काउंटरवर बसून निघून गेला तर आत जाऊन फुगायला उरतं काय. थांबायचंच असेल तर कापून झाल्यावर ट्रेसकट फ्रीजरमध्ये पंधरा मिनिटं, तिथे गारठ्याने सगळं मंदावतं आणि बटर परत कडक होतं.

तर मळणं बंद. बटरमिल्क ओतलं की काट्याने किंवा हाताची बोटं ताणून वीस-एक वेळा फिरवायचं, कोरडा मैदा दिसायचा बंद झाला की थांबायचं. ते दिसायला घाणच दिसतं. मग ओट्यावर मैदा भुरभुरून त्याच्यावर ओतायचं, हाताने थापून चौकोन करायचा आणि पत्राच्या घडीसारखी तीन पदरी घडी, वळवून परत थापायचं, परत घडी, असं तीनदा. पहिल्या घडीला ते तुटतं, सांडतं, उलथण्याने उचलावं लागतं, दुसरीला जरा बरं आणि तिसरीला आपोआप एकसंध होतं. हे दिसलं की आपला जीव भांड्यात पडतो. लाटणं काढूच नका, लाटणं हातात आलं की पुढचा प्रॉब्लेम ठरलेला, तो म्हणजे जाडी.

जाडीवर मी स्वतःशीच खोटं बोलत होते. मला वाटायचं मी एक इंच ठेवतेय. आईच्या दुसऱ्या रविवारी मुलीने कंपासमधली पट्टी आणून उभी धरली तर ते भरलं १२ मिलिमीटर! आयुष्यभर पुऱ्या-शंकरपाळ्या केलेल्या डोळ्याला १२ मिलिमीटर म्हणजे जाडजूड वाटतं. बिस्किटाला पूर्ण २५ मिलिमीटर पाहिजेत, २० च्या खाली तर जाऊच नका. भाजताना ते साधारण पावणेदोन-दोन पट होतं, म्हणजे १२ चे फार तर २४ होणार, आणि २४ ला कोणी बिस्कीट म्हणत नाही. त्या दिवसापासून पट्टी स्वयंपाकघरातच राहते, मुलीला नवीन घेऊन दिली.

पण एवढं करूनसुद्धा त्या दिवशी ती कललीच, आणि इथे आईने बरोबर पकडलं. मी कापायला वाटी घेते, आपली रोजची स्टीलची आमटीची वाटी, कारण करंजीला वाटी, पुरीला वाटी, नवीन कटर कशाला आणायचा. आई शेजारी उभी होती, म्हणाली, "चिरोट्याची वळकटी तू वाटीने दाबून कापतेस का? कड चेपली की पदर सुटणार कुठून?"

वाटीची कड जरा बोट फिरवून बघा. ती धारदार नसते, बाहेर वळवलेली गोल दुमड असते म्हणजे ओठाला लागू नये. ती पिठात घुसताना आधी वरचा पदर खाली ओढते, मग त्याच्या खालचा, आणि तळाला पोचेपर्यंत सगळे पदर कडेला एकमेकांना चिकटवून टाकते, एखाद्या करंजीची कड मुरडावी तशी. करंजीला तेच हवं असतं, तिची कड सुटली तर सारण तेलात. इथे कड मोकळी पाहिजे. त्यात आपल्याला सवय असते दाबून झाल्यावर वाटी जरा गरगर फिरवायची, म्हणजे पीठ सुटून येतं. त्या फिरवण्याने उरलीसुरली कड पण शिवली जाते, एका बाजूला जास्त एका बाजूला कमी, आणि जिथे कमी शिवली तिथून बिस्कीट वर जातं, म्हणून कलतं. मी दोन वर्षं ओव्हनच्या गरमीला दोष देत होते.

मग आम्ही तिथल्या तिथे प्रयोग केला. दुप्पट प्रमाणाचं एकच पीठ, एकाच जाडीचं, अर्धं वाटीने कापलं आणि अर्धं मोठ्या सुरीने चौकोनी, सुरी ओढायची नाही, सरळ वरून खाली. एकाच ट्रेमध्ये डाव्या बाजूला वाटीची आणि उजव्या बाजूला सुरीची. आठव्या मिनिटाला ओव्हनच्या काचेतूनच दिसत होतं. उजवीकडची कडेने रेघा रेघा सुटत वर चालली होती, डावीकडची मधे टेंगूळ आल्यासारखी, बाजूने गच्च. बाहेर काढून पट्टी लावली, सुरीची साडेचार सेंटिमीटर आणि वाटीची तीनला थोडी कमी. आईने एक सुरीचं उचललं, अंगठ्याने उघडलं, आतल्या पदरांकडे बघितलं आणि म्हणाली साटा न लावता कसे गं सुटले! मग तिला बटरच्या तुकड्यांचं सांगितलं, की साटाच आहे तो, फक्त आधीच पिठात टाकलाय.

गोलच पाहिजे असेल तर पातळ पत्र्याचा, दोन्ही बाजूंनी उघडा कटर घ्या, वरून उघडा नसला की आतली हवा पीठ दाबते. मैद्यात बुडवायचा, सरळ खाली, सरळ वर, फिरवायचा नाही. शंकरपाळ्यांचं कातण पण नको, त्याचं चाक कड चेपत जातं. मी आता चौकोनीच कापते, त्यात उरलेल्या तुकड्यांचा परत गोळा करायची वेळ येत नाही आणि परत गोळा केलेली नेहमी वाकडीच होतात. कापायच्या आधी चारी बाजूंची घडीची कड मात्र बोटभर छाटून टाकायची, कारण घडीची कडही बंदच असते. ती छाटलेली पट्टी ट्रेच्या कोपऱ्यात वेडीवाकडी भाजायची, करणाऱ्याने उभ्या उभ्या खायची असते ती.

ट्रेमध्ये एकमेकांपासून लांब ठेवायची नाहीत, चिकटवून ठेवायची. लांब ठेवली की बाजूला पसरतात, चिकटून असली की जायला जागा वरच असते. इथे बरेच जण बिडाच्या तव्यात एकमेकांना खेटून लावतात (टेनेसीत साउथ पिट्सबर्ग नावाच्या छोट्या गावात लॉज कंपनी १८९६ पासून ही बिडाची भांडी बनवतेय), आपल्याकडे केकचा चौकोनी डबा चालेल.

आता ज्या गोष्टींवर मी पैसे घालवले. त्या चुकीच्या नव्हत्या, फक्त माझ्या प्रॉब्लेमचं कारण नव्हत्या, तुमच्या असू शकतात.

पहिला मैदा. इथे दक्षिणेत पिकतो तो मऊ गहू, हिवाळी, प्रोटीन कमी, म्हणून इथे बिस्कीट आणि केक चांगले, आणि वरच्या राज्यांतला गहू कडक म्हणून ब्रेड तिकडचा. व्हाइट लिली नावाचा मैदा आहे, १८८३ साली टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला सुरू झाला, त्यात प्रोटीन साधारण ८-९ टक्के. तिथली जुनी गिरणी २००८ मध्ये बंद झाली आणि मैदा दुसरीकडे दळायला लागले तेव्हा इथले लोक केवढे हळहळले होते म्हणे. त्याच्या उलट किंग आर्थरचा साधा ऑल पर्पज ११.७ टक्के, गोल्ड मेडल १०.५. म्हणजे तिन्ही पिशव्यांवर ऑल पर्पजच लिहिलेलं, पण एकाने बिस्कीट आणि एकाने पाव. फरक पडतो का, हो पडतो, मऊ मैद्याचं बिस्कीट तोंडात लगेच विरघळतं आणि कडक मैद्याचं जरा चावावं लागतं. पण मळलं नाही आणि कड मोकळी ठेवली तर ११.७ वालं पण छान फुगतं, फुगण्याचं खापर मैद्यावर फोडू नका. पिशवीच्या मागे ३० ग्रॅमला ४ ग्रॅम प्रोटीन दिसलं की समजायचं कडक आहे, हात अजूनच हलका ठेवायचा.

भारतातला मैदा बिस्किटासाठी जरा ताकदीचाच पडतो. प्रत्येक कपातून दोन टेबलस्पून मैदा काढून तेवढं कॉर्नफ्लॉर घालायचं आणि दोनदा चाळायचं, केकला करतो तसंच. आणि जे नुकतेच अमेरिकेत आलेत त्यांनी लक्षात ठेवा, आपलं कॉर्नफ्लॉर म्हणजे इथलं कॉर्नस्टार्च. इथे कॉर्न फ्लॉर मागितलं तर बारीक दळलेलं मक्याचं पीठ मिळतं, माझ्या मैत्रिणीने त्याची बिस्किटं केली होती, ती पिवळी रवाळ काहीतरी झाली, वाईट नव्हती पण ही नव्हेत. गव्हाच्या कणकेची पण करून बघितली, एक तृतीयांशपर्यंत चालते, पुढे जाऊ नका, कणीक पाणी खूप पिते आणि बिस्कीट जड होतं.

दुसरी भानगड सेल्फ रायझिंग. इथे मैद्याच्या पिशवीतच बेकिंग पावडर आणि मीठ मिसळलेलं मिळतं, दिसायला पिशवी अगदी सारखी. मी एकदा घाईत तीच उचलली आणि वर रेसिपीप्रमाणे अजून एक टेबलस्पून पावडर घातली. भसाभसा फुगली आणि बाहेर काढेपर्यंत बसली, आणि जिभेवर साबण आणि लोखंड यांच्या मधली चव. बिस्कीट फुगून बसत असेल किंवा कडवट लागत असेल तर पहिली पिशवी वाचा. सेल्फ रायझिंग घेतलं तर पावडर, सोडा आणि मीठ तिन्ही काढून टाका, नुसतं बटर आणि बटरमिल्क.

पावडर नुसती जुनी असेल तर प्रकार उलटा, काहीच होत नाही. पाव कप गरम पाण्यात अर्धा चमचा टाकून बघा, जोरात फसफसली तर ठीक, नुसते दोन-चार बुडबुडे आले तर डबा फेका. आपल्या घरांत बेकिंग पावडरचा डबा वर्षाला दोन केक यावर पाच वर्षं चालतो, झाकण सैल, शेजारी गॅस, त्यात ताकद राहणार कशी. सोडा तपासायचा तर गरम पाणी नको, व्हिनेगर किंवा लिंबू टाका. आणि चव धातूसारखी येत असेल तर पावडरमधल्या अॅल्युमिनियमच्या क्षाराची असू शकते, बिनअॅल्युमिनियमची मिळते. व्हर्जिनियाच्या एडना लुईस, दक्षिणेच्या स्वयंपाकातलं फार मोठं नाव, त्या याच कारणाने दोन भाग क्रीम ऑफ टार्टर (एक आंबट पांढरी पावडर) आणि एक भाग सोडा घरीच मिसळायच्या. करायला सोपं आहे, पण ही पावडर ओली झाली की लगेच संपते, रेंगाळायचं नाही.

ईनो घातलं तर चालेल का हे मला प्रत्येक भिशीत कोणीतरी विचारतं. ढोकळ्याला चालतं कारण आपण घातलं की लगेच वाफेवर ठेवतो. ईनोमध्ये सोडा आणि सायट्रिक अॅसिड, पाणी लागलं की सगळी ताकद एका मिनिटात बाहेर. डबल अॅक्टिंग बेकिंग पावडरमध्ये दुसरं अॅसिड गरमीनेच जागं होतं, ते ओव्हनमध्ये कामाला येतं, ईनोत ती सोय नाही. घड्या घालेपर्यंत ते मेलेलं असतं.

सोड्याची एक खूण सांगते. वरती पिवळे-तपकिरी ठिपके दिसले तर सोडा नीट चाळलेला नाही, गाठी राहिल्यात. ढोकळ्यात हळदीवर सोडा पडला की लाल ठिपके येतात ना, त्याचाच हा चुलतभाऊ. आणि कप भर आंबट बटरमिल्कला अर्धा टीस्पून सोडा म्हणजे हिशेब पूर्ण, सगळा आंबटपणा मारला जातो. मी पाऊण कपाला पावच घालते म्हणजे थोडी आंबूस चव उरते, नाहीतर मग बटरमिल्क घालायचं कशाला, साधं दूध काय वाईट.

बटरमिल्क म्हणजे ताक का, तर नावाने हो आणि बाटलीत नाही. पूर्वी इथेही लोणी काढून उरलं की ते ताकच होतं, पण आता दुकानात जे मिळतं ते दुधाला विरजण लावून आंबवलेलं, पातळ दह्यासारखं दाट. आपलं ताक पाणी घालून घुसळलेलं, ते १८० मिली ओतलं की पीठ भज्यांचं होतं आणि मग मैदा घालत बसा. भारतात करायचं असेल तर पाऊण कप घट्ट आंबट दही आणि पाव कप दूध फेटून घ्या, यासारखा दुसरा पर्याय नाही. दुधात लिंबू पिळून दहा मिनिटं ठेवतात तेही चालतं, कपाला एक टेबलस्पून, पण पातळ राहतं म्हणून थोडं कमी ओता. पाकिटातलं मसाला ताक नको, त्यात जिरं-आलं-मीठ असतं, हसू नका, केलंय एकाने आमच्या इथे. आणि इथल्यांना एक फुकटचा सल्ला, उरलेल्या बटरमिल्कची कढी अप्रतिम होते, फक्त त्यात आधीच मीठ असतं, चाखून घाला.

बटर. बटर वितळून ट्रेमध्ये तळं साचतंय आणि बिस्किटं खालून तळल्यासारखी होतायत ही तक्रार असेल तर एक तर बटर मऊ होतं, नाहीतर ओव्हन पुरेसा तापला नव्हता, बहुतेक वेळा दोन्ही. आपण करंजीला कडकडीत मोहन घालतो आणि मूठ वळेपर्यंत चोळतो, इथे त्याच्या बरोबर उलट, मूठ वळली म्हणजे फसलं. तुकडे हरभऱ्याच्या डाळीपासून वाटाण्यापर्यंत दिसले पाहिजेत. माझे हात गरम आहेत त्यामुळे मी बटर फ्रीजरमध्ये दगड करते आणि खोबऱ्याच्या किसणीवर किसते, कागद अर्धाच सोलायचा म्हणजे धरायला होतो. किसलेलं थेट मैद्यात, बोटांनी नुसतं मोकळं करायचं, झालं. स्टीलची परात पण मैद्यासकट अर्धा तास फ्रीजमध्ये, स्टील गार छान धरतं. मुंबई-पुण्यात मे महिन्यात करणार असाल तर सकाळी सहाला करा नाहीतर करू नका, ३५ डिग्रीला बटर टिकत नाही, पंख्याखाली पण नाही. अमूल घेतलं तर ते मिठाचं असतं, वेगळं मीठ चिमूटभरच. तूप चालणार नाही, त्यात पाणीच नाही म्हणजे वाफ नाही, छान नानकटाई होईल. इथले जुने लोक लार्ड म्हणजे डुकराची चरबी, नाहीतर क्रिस्को म्हणजे डालड्यासारखी घट्ट वनस्पती चरबी वापरतात, ती उन्हाळ्यात बटरपेक्षा जास्त टिकते आणि बिस्कीट मऊ होतं पण चव बटरची ती बटरची.

ओव्हनचं थोडक्यात. प्रीहीटची बेल वाजली म्हणजे तापला असं नाही, अजून दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या, आतल्या भिंती तापायच्या असतात. शंका असेल तर आतमध्ये लटकवायचं थर्मामीटर मिळतं, माझा ओव्हन ४५० म्हणायचा आणि असायचा ४१५, हे सापडलं तेव्हा मला वाटलं होतं सुटला प्रॉब्लेम, रंग सुधारला, उंची नाही. वरच्या तिसऱ्या भागातली जाळी वापरा. खालून करपत असतील तर काळ्या ट्रेखाली दुसरा ट्रे घाला. लहान ओटीजीमध्ये वरची कांडी इतकी जवळ असते की वरून लाल आणि आत कच्चं होतं, तिथे मधली जाळी, २२० आणि दोन-तीन मिनिटं जास्त. आत कच्चं आहे का हे सुरी खुपसून कळत नाही, एक उघडूनच बघायचं, मधला पदर ओला चकाकत असेल तर परत आत.

गंमत म्हणजे आईच्या तिंबण्यालाही इथे जागा आहे. बेकिंग पावडर यायच्या आधी दक्षिणेत बीटन बिस्किटं करायचे, पीठ लाकडी दांड्याने अर्धा-अर्धा तास कुटायचं, फोड येईपर्यंत, म्हणजे त्यात हवा भरते. पातळ, कडक, पांढरी, हॅमचा काप घालून खायची. श्रीमंतांच्या घरचा पदार्थ, आणि कुटायला अर्थातच गुलाम बायका. आईला हे सांगितलं तर ती बराच वेळ काही बोलली नाही, मग विचारलं, "रोज करायच्या?"

शिळ्याचं काय ते पण सांगते, कारण दुसऱ्या दिवशी दगड होतात ही तक्रार सगळ्यांची आहे. ती फ्रीजमध्ये ठेवूच नका, फ्रीजमध्ये जास्त लवकर कडक होतात. कच्चीच कापून, ट्रेवर एकेक सुटी गोठवून, मग पिशवीत भरून फ्रीजरमध्ये टाका. लागतील तेव्हा न वितळवता थेट तापल्या ओव्हनमध्ये, वेळ फक्त चार-पाच मिनिटं जास्त. आई परत जायच्या आदल्या दिवशी तिने चोवीस कापून ठेवली होती, सगळी सुरीने, एकसारखी चौकोनी, कडा छाटून, पिशवीवर मार्करने तारीख. शेवटची तीन अजून आहेत फ्रीजरमध्ये, कोणी काढत नाहीये.